फुप्फुसांशिवाय श्वास



पावसाळा सुरू झाला की न बोलावलेले पाहुणे घरात येतात. न्हाणीघराच्या कोपऱ्यात, कुंडीखाली, ओल्या पायपुसण्याखाली किंवा अंगणातल्या विटांच्या ढिगात एक लांबट, चपटा, तपकिरी किडा दिसतो. लांबी साधारण एक ते दोन सेंटिमीटर आणि शेपटीकडे चिमट्यासारखी दोन टोके. त्याला हात लावायला गेले की तो शेपूट उचलून चिमटा दाखवतो. घरात एकच आरडाओरड होते, "कानात जाईल, मारा त्याला!" आणि चप्पल उचलली जाते.

आमच्या अनेक घरांत याला सर्रास कनखजुरा म्हणतात, पण ते बरोबर नाही. कनखजुरा म्हणजे गोम. तिला पायांच्या कितीतरी जोड्या असतात. या किड्याला सहाच पाय आहेत, म्हणजे हा झुरळ, मुंगी, मधमाशी यांच्यासारखा कीटक आहे. इंग्रजीत याला इअरविग म्हणतात. युरोपात आढळणाऱ्या याच्या जातीचे शास्त्रीय नाव फॉरफिक्युला ऑरिक्युलारिया असे आहे. त्यातल्या पहिल्या शब्दात कात्री आहे आणि दुसऱ्यात कान. जगात याच्या सुमारे दोन हजार जाती आहेत. लॅबिड्युरा रिपारिया नावाची एक जात तर नदीकाठच्या आणि समुद्रकाठच्या वाळूत भारतासह जगभर सापडते. हा किडा कानात शिरून मेंदू पोखरतो, ही समजूत युरोपात शेकडो वर्षे चालत आली आणि आपल्याकडे गोमेविषयी तशीच आहे. खरे तर त्याला ओल, अंधार आणि अरुंद फट हवी असते. कान हे त्याचे घर नव्हे. कानाच्या पडद्यापलीकडे मेंदूपर्यंत जाण्याची वाट त्याला मिळत नाही. लेखाच्या सोयीसाठी आपण याला चिमटेवाला किडा म्हणू या.

या महिन्यात आम्ही त्याच्या चिमट्याविषयी नव्हे, श्वासाविषयी लिहिणार आहोत. तो श्वास कसा घेतो हे एकदा नीट समजले, की कानात किडा गेला तर काय करावे, वर्षाचे धान्य कसे टिकवावे आणि धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या घरात का आणू नयेत, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. तिसरा प्रश्न तर माणसाच्या जीवन-मरणाचा आहे.

नाक कुठे आहे?

वर्गात आम्ही मुलांना विचारतो, "झुरळाचे नाक कुठे असते?" बहुतेक मुले डोक्याकडे बोट दाखवतात. कोणी म्हणते मिशांत, कोणी म्हणते तोंडात. डोक्यावर ते नसतेच, हे सांगितले की मुलांना खरे वाटत नाही. कीटकाच्या तोंडाने अन्न जाते, मिशांनी वास आणि स्पर्श कळतो. पण हवा त्याच्या डोक्यातून आत जात नाही. ती जाते शरीराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या बारीक छिद्रांतून. या छिद्रांना श्वासरंध्रे म्हणतात.

चिमटेवाल्या किड्याला अशा रंध्रांच्या दहा जोड्या असतात. त्यांपैकी दोन जोड्या छातीच्या भागावर आणि आठ जोड्या पोटाच्या भागावर, म्हणजे एकूण वीस दारे. पोटाचा प्रत्येक खंड वरून एका कडक पत्र्याने आणि खालून दुसऱ्या पत्र्याने झाकलेला असतो. या दोन पत्र्यांना जोडणारा बाजूचा भाग मऊ पडद्याचा असतो आणि पोटावरची रंध्रे याच मऊ पडद्यात असतात. वरचे कडक पत्रे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असल्यामुळे ही रंध्रे वरून पाहणाऱ्याला सहज दिसत नाहीत. चपटा देह घेऊन किडा फटीत घुसतो, माती अंगाला घासते, तरी श्वासाची दारे आडोशाला सुरक्षित राहतात.

झुरळाला आणि नाकतोड्यालाही अशाच दहा जोड्या असतात. रेशमाच्या अळीला नऊ. अकरावीला ज्यांनी जीवशास्त्र घेतले होते आणि झुरळाचा धडा शिकला होता, त्यांना हे आठवेल.

नळांचे जाळे

रंध्राच्या आत गेल्यावर काय दिसते? आधी एक छोटी कोठडी. अनेक कीटकांत तिच्या भिंतींवर बारीक केसांची दाटी असते, तिथे धूळ अडते. बरोबर झडपही असते. झडपेमागून नळ्या सुरू होतात, त्यांना श्वासनलिका म्हणतात. त्या फाटे फोडत, बारीक होत होत साऱ्या शरीरभर पसरतात. पायाच्या टोकापर्यंत, डोळ्यांच्या मागे, पचननलिकेभोवती, स्नायूंच्या तंतूंमध्ये त्या पोचतात. ठिकठिकाणच्या नळ्या आडव्या-उभ्या नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे एखादे दार बंद पडले तरी तिकडची हवा पूर्णपणे तुटत नाही.

या नळ्यांची एक मोठी अडचण होती. किडा अरुंद फटीत अंग दाबून शिरतो. अशा वेळी मऊ नळी चिमटली जाऊन हवा बंद पडणार. पण नळीच्या आतल्या अस्तरात मळसूत्रासारखे कडक वेटोळे असतात. व्हॅक्यूम क्लीनरचा किंवा कपडे धुण्याच्या यंत्राचा सांडपाण्याचा पाइप आठवा. वेटोळ्यांमुळे तो वाकतो, पण चपटा होत नाही. हीच युक्ती या नळ्यांत आहे.

सर्वांत शेवटच्या फाट्यांना सूक्ष्म श्वासनलिका म्हणतात. त्यांची जाडी एक मायक्रॉनपेक्षाही कमी असते. मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. या नळ्या पेशींना चिकटलेल्या असतात. शेवटच्या टोकाशी अनेकदा थोडे द्रव असते. स्नायू दमले, त्यांना जास्त ऑक्सिजन हवा झाला, की हे द्रव मागे ओढले जाते आणि हवा पेशीच्या आणखी जवळ येते. गिऱ्हाइकाची गरज वाढली की माल दारापर्यंत नेऊन द्यावा, तसे.

माणसाच्या शरीरातली व्यवस्था वेगळी आहे. आपण नाकाने हवा घेतो, ती फुप्फुसांत जाते आणि तिथे रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन उचलते. मग हृदय ते रक्त साऱ्या शरीरात ढकलते. म्हणजे आपल्याकडे ऑक्सिजन रक्ताच्या गाडीत बसून प्रवास करतो. कीटकाचे रक्त मात्र बहुतेक वेळा रंगहीन किंवा फिकट असते. त्यात अन्न, संप्रेरके, टाकाऊ द्रव्ये फिरतात. ऑक्सिजन पोचवण्याचे काम त्याच्याकडे फारसे नसते. झुरळ मारल्यावर लाल रक्त का निघत नाही, या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

फुप्फुस आणि हृदय यांच्यातला रक्ताचा हा फेरा ज्यांनी प्रथम बरोबर सांगितला, त्या हकीमसाहेबांची ओळख आमच्या मुलांना असायला हवी. इब्न अल-नफीस यांनी दमास्कसमध्ये वैद्यक शिकून कैरोमध्ये काम केले आणि 1288 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या आधी हजार वर्षे जालीनूस म्हणजे गॅलेन यांचे मत चालत आले होते, की हृदयाच्या मधल्या भिंतीतल्या अदृश्य छिद्रांतून रक्त उजवीकडून डावीकडे जाते. इब्न अल-नफीस यांनी लिहिले की ती भिंत भरीव आहे, तिथे छिद्र नाही. रक्त फुप्फुसांतून फिरूनच डाव्या बाजूला येते. मोठ्या नावाला न घाबरता शरीर जसे आहे तसे सांगणे, ही त्यांची शिकवण आहे. त्यांच्या या लिखाणाचे हस्तलिखित 1924 मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरांच्या नजरेस आले आणि जगाला ते नव्याने कळले.

रेशमाची अळी आणि तेलाचा थेंब

कीटकांना फुप्फुसे नसतात, हे शोधणारे शास्त्रज्ञ इटलीचे मार्चेल्लो माल्पिघी. 1669 मध्ये त्यांनी रेशमाच्या अळीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली अळी उघडून त्यांनी तिच्या अंगातले हे नळ्यांचे जाळे पाहिले. छिद्रांचे काम श्वासाचेच आहे का, हे तपासायला त्यांनी अगदी साधा प्रयोग केला. अळीच्या बाजूच्या रंध्रांना तेल लावले. अळी गुदमरून मेली. तोंड मोकळे होते, डोके मोकळे होते, तरी ती जगली नाही.

तेलाचा हा थेंब लक्षात ठेवा. पुढे आपल्या घरात तो तीन वेळा उपयोगी पडणार आहे.

मग या नळ्यांतून हवा आत ढकलतो कोण? छोट्या आणि शांत बसलेल्या किड्याला फारसे काही करावे लागत नाही. दाटी असेल तिथून विरळ जागेकडे वायू आपोआप पसरतो, जशी एका खोलीत लावलेल्या उदबत्तीचा वास दुसऱ्या खोलीत जातो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोघ यांनी 1920 च्या सुमारास हिशेब मांडून दाखवले की लहान अंतरासाठी असे पसरणे पुरेसे आहे. त्याच वर्षी त्यांना केशवाहिन्यांवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ऑक्सिजन पाण्यापेक्षा हवेत सुमारे दहा हजार पट वेगाने पसरतो. हवेने भरलेली नळी थेट पेशीपाशी नेण्याचा फायदा त्यात आहे. मोठे आणि चपळ कीटक मात्र पोट आत-बाहेर करून हवा खेळवतात. गांधीलमाशी भिंतीवर बसली की तिचे पोट कसे धापा टाकल्यासारखे हलते, ते लांबूनच पाहा.

या व्यवस्थेला मर्यादाही आहे. देह जितका मोठा, तितकी नळी लांब, आणि लांब नळीतून ऑक्सिजन पोचायला वेळ लागतो. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी मेगॅन्युरा नावाचे, चतुरासारखे कीटक होते. त्यांच्या पंखांचा पसारा सुमारे पासष्ट सेंटिमीटरपर्यंत होता. त्या काळी हवेत ऑक्सिजन आजच्या एकवीस टक्क्यांपेक्षा बराच जास्त होता आणि त्यामुळे एवढे मोठे कीटक शक्य झाले असावेत, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणून कार्टूनमध्ये दिसणारे हत्तीएवढे झुरळ खऱ्या जगात जगू शकणार नाही. ते पाऊल टाकण्याआधीच गुदमरेल.

दार उघडे ठेवण्याची किंमत

रंध्र उघडे ठेवले तर हवा येते, पण अंगातले पाणीही वाफ होऊन निघून जाते. एवढ्याशा देहात पाणी असते किती? म्हणून कीटक झडपा गरजेपुरत्या उघडतात आणि मिटतात. चिमटेवाला किडा दिवसा ओलसर, अंधाऱ्या जागी लपतो आणि रात्री बाहेर पडतो, त्यामागे अंगातले पाणी वाचवणे हेही एक कारण आहे. त्याला घरात न येऊ देण्याचा उपायही इथेच आहे. न्हाणीघर कोरडे ठेवा, भिंतीलगतचा पालापाचोळा आणि ओली लाकडे हलवा, दाराखालची फट बुजवा. विष फवारायची वेळ येणार नाही.

कीटक वाढताना कात टाकतात, हे आपण जाणतो. त्या वेळी बाहेरच्या कवचाबरोबर श्वासनलिकांचे आतले अस्तरही ओढून काढले जाते. आपल्या श्वासनळीचे अस्तर मोज्यासारखे ओढून काढायचे, अशी कल्पना करून पाहा. म्हणूनच कात टाकण्याची वेळ कीटकाच्या आयुष्यातली फार नाजूक वेळ असते.

आणि आता या किड्याची एक गोष्ट, जी आम्हाला सर्वांत हृदयस्पर्शी वाटते. बहुतेक कीटक अंडी घालून निघून जातात. चिमटेवाल्या किड्याची आई जात नाही. मातीत छोटे बीळ करून ती अंड्यांवर पहारा देते. ती एकेक अंडे तोंडात धरून चाटते, फिरवते, पुन्हा जागेवर ठेवते. ओल्या मातीत बुरशी चटकन येते आणि बुरशी चढलेले अंडे जगत नाही. आईच्या चाटण्याने बुरशीचे बीजाणू निघून जातात. अंडेसुद्धा कवचातून श्वास घेतेच, त्यालाही स्वच्छ अंग लागते. पिल्ले बाहेर आल्यावरही ती काही काळ त्यांच्याजवळ राहते, त्यांना खाऊ घालते. ज्या चिमट्याला आपण भितो, तो चिमटा ती अनेकदा पिल्लांच्या रक्षणासाठी उगारते. माणसाला तिच्याजवळ विष नाही. चिमटलेच तर थोडेसे टोचते, एवढेच.

कानात किडा गेला तर

चिमटेवाला किडा कानात जाण्याचे प्रसंग फार क्वचित. रात्री जमिनीवर झोपलेल्या लेकराच्या कानात जातात ती बहुधा झुरळाची पिल्ले, मुंग्या किंवा उजेडाला येणारे छोटे पाखरू. मूल किंचाळते, कान धरून लोळते. आतली फडफड पडद्यावर ढोल वाजल्यासारखी ऐकू येते. घाबरून आपण काडेपेटीची काडी, हेअरपिन किंवा चिमटा घालतो. तेच करू नये. किडा आणखी आत जातो, पडदा फाटू शकतो.

मुलाला धीर द्या, कान वरच्या बाजूला येईल असे कुशीवर झोपवा. त्या कानाचा पडदा आधी फाटलेला नसेल, कान वाहत नसेल, कानात डॉक्टरांनी नळी बसवलेली नसेल, तरच खोबरेल किंवा ऑलिव्हचे कोमट तेल काही थेंब सोडा. कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला टाकले तर गरम लागू नये, इतके. माल्पिघी यांनी अळीला लावलेले तेच तेल. ते रंध्रे बंद करते, किडा गुदमरतो, फडफड थांबते. मग कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन तो काढून घ्या. थेंबाने आराम वाटला तरी जाणे टाळू नका, कारण पाय किंवा पंखाचा तुकडा आत राहिला तर कान सुजतो. पडद्याविषयी शंका असेल तर तेलही नको, थेट दवाखाना. आणि एक लक्षात ठेवा, हा उपाय फक्त जिवंत किड्यासाठी आहे. कानात वाटाणा, हरभरा गेला तर पाणी घालू नका, तो फुगतो. घड्याळाचा किंवा खेळण्यातला बटण-सेल गेला तर तेल-पाणी काहीही न घालता त्याच तासाला दवाखाना गाठा. तो आतली कातडी जाळतो.

धान्य, तेल आणि बंद डबा

आमच्या भगिनींना तेलाचा दुसरा उपयोग आधीपासून माहीत आहे. उन्हाळ्यात वर्षाची तूरडाळ किंवा गहू भरताना एरंडेलाचा हात फिरवण्याची रीत आपल्या आई-आजीकडून आली आहे. त्यामागे तेच कारण आहे. कडधान्याला लागणारा भुंगा दाण्यावरच अंडी चिकटवतो. दाण्यावर तेलाचा पातळ थर असला की अंड्याला हवा मिळत नाही आणि किड्याच्या रंध्रांनाही तेल लागते. आजींनी श्वासरंध्र हा शब्द ऐकला नव्हता, पण त्याचा उपयोग त्यांना पक्का ठाऊक होता.

बंद डब्याचा उपाय त्याहून सोपा आहे. धान्य कडक उन्हात चांगले वाळवा, दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. थंड झाल्यावर हवाबंद पिंपात किंवा जाड, सांधा नसलेल्या पिशवीत गच्च भरा, वर मोकळी जागा ठेवू नका. आत चुकून राहिलेले सोंडे आणि भुंगे श्वास घेत राहतात. आतला ऑक्सिजन तेच संपवतात, कर्बवायू वाढतो आणि त्यांचा श्वास त्यांनाच पुरेनासा होतो. फक्त ते पिंप रोज उघडू नका. रमजानसाठी भरलेल्या डाळी-तांदळाचे मोठे पिंप बंद ठेवा आणि महिन्याला लागेल तेवढे धान्य वेगळ्या डब्यात काढा.

तिसरा उपयोग डासांसाठी. डासाची अळी पाण्यात राहते, पण श्वास हवेतलाच घेते. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अळी शेपटीकडची नळी पाण्याच्या वर काढून, डोके खाली करून लोंबकळते. न वापरायच्या साचलेल्या पाण्यावर, गटाराच्या खड्ड्यात, थोडे तेल टाकले की वरचा पापुद्रा त्या नळीचे तोंड बंद करतो. पिण्याच्या आणि वुजूच्या पाण्यात अर्थातच तेल चालणार नाही. तिथे आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. पिंप रिकामे करून आतून घासा, कारण या डासाची अंडी कोरड्या भिंतीलाही महिनोन्‌महिने चिकटून राहतात. मशिदीच्या हौदात गप्पी मासे सोडता येतात. रात्री भांडी झाकून ठेवण्याची ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली होती, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ती सुन्नत पाळणाऱ्या घरात डासालाही जागा मिळत नाही.

त्या गोळ्यांविषयी

आता सर्वांत गंभीर गोष्ट. धान्य टिकवण्यासाठी काही घरांत बाजारातून राखाडी रंगाच्या गोळ्या आणून पोत्यात ठेवतात. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. हवेतली ओल लागली की त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. तो किड्याच्या श्वासरंध्रांतून आत जातो आणि नळ्यांतून थेट पेशीपर्यंत पोचतो.

इथे नीट लक्ष द्या. आत्तापर्यंत आम्ही सांगत आलो की किड्याचा श्वास आणि आपला श्वास वेगळा आहे. त्याला नळ्या, आपल्याला फुप्फुसे आणि रक्त. पण ऑक्सिजन एकदा पेशीत पोचला, की पुढचे काम दोघांत एकच आहे. पेशीतल्या सूक्ष्म भट्टीत, म्हणजे तंतुकणिकेत, ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार होते. फॉस्फिन नेमका याच भट्टीवर घाव घालतो. त्याला किडा कोण आणि लेकरू कोण, हे कळत नाही. छाती ऑक्सिजनने भरलेली असते, पण पेशी तो वापरू शकत नाही.

या विषावर खास असा उतारा नाही. वायूला रंग नसतो. कधी लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो, पण वास येईपर्यंत थांबणे धोक्याचे आहे. तो दाराच्या फटीतून, भिंतीच्या चिरेतून शेजारच्या खोलीतही जातो. पोत्यांच्या खोलीतच कुटुंब झोपले आणि सकाळी लहान मुले उठलीच नाहीत, असे प्रसंग आपल्या देशात अनेकदा घडले आहेत. मूल लहान, त्याचा श्वास जलद, म्हणून वायू आधी त्याला गाठतो. या गोळ्या सामान्य माणसाने घरी वापरण्यावर कायद्यानेही निर्बंध आहेत. दुकानदार हातात ठेवतो म्हणून ती औषधाची गोळी होत नाही.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे. घरात अशा गोळ्या असतील तर त्यांना पाणी लावू नका, चुलीत टाकू नका, उकिरड्यावरही फेकू नका. त्या खोलीतून सर्वांनी बाहेर पडा, दारे-खिडक्या उघडता आल्या तर उघडा आणि कृषी विभागाच्या माणसाला किंवा परवानाधारक कीड नियंत्रकाला विचारून त्यांची विल्हेवाट लावा. अशा खोलीत झोपल्यावर कोणाला मळमळ, उलटी, छातीत दडपण, चक्कर असे काही वाटले, तर रात्रीचे जेवण बाधले असेल असे म्हणून बसू नका. सर्वांना मोकळ्या हवेत आणा, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि डॉक्टरांना गोळ्यांविषयी स्पष्ट सांगा. ते सांगायला लाजू नका, कारण उपचार त्यावर अवलंबून आहेत. पाच-दहा किलो धान्याला कीड लागली तर ते पाखडता येते, कोंबड्यांना घालता येते. लेकरू परत आणता येत नाही.

छोट्याची कदर

कुरआनात मधमाशीच्या नावाने एक सूरह आहे, मुंगीच्या नावाने एक आणि कोळ्याच्या नावाने एक. सूरह बकराच्या 26 व्या आयतीत तर मच्छराचे उदाहरण आले आहे. विज्ञानाचा प्रत्येक नवा शोध ओढून-ताणून एखाद्या आयतीला चिकटवावा, असे आम्हाला वाटत नाही. त्याची गरजही नाही. छोट्या जीवाकडे टाकाऊ म्हणून न पाहता नीट बघा, विचार करा, हे सांगणे आम्हाला पुरेसे आहे. एका मायक्रॉनपेक्षा बारीक नळी एकेका स्नायूपर्यंत नेणारी व्यवस्था पाहिली की तोंडून आपोआप सुबहानल्लाह निघते.

त्यासोबत वागणूकही यायला हवी. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एका प्रेषितांचा प्रसंग आहे. त्यांना एक मुंगी चावली आणि त्यांनी मुंग्यांचे सारे वारूळ जाळवले, तेव्हा अल्लाहने त्यांना त्याबद्दल टोकले. अपाय करणाऱ्या किड्याला आवरणे आपले काम आहे, धान्य आणि लेकरे वाचवणेही आपले काम आहे. पण कुतूहलापोटी पंख उपटणे, काडीने जाळणे हे खेळ मुलांनी खेळू नयेत, हे सांगणे आई-वडिलांचे आणि आम्हा शिक्षकांचे काम आहे.

पुढच्या वेळी कुंडी उचलल्यावर चिमटेवाला किडा दिसला, तर चप्पल उचलण्याआधी मुलांना हाक मारा. एका काचेच्या बरणीत त्याला अलगद घ्या, भिंग असेल तर भिंगातून त्याचे पोट बाजूने दाखवा. दारे मोजता येणार नाहीत कदाचित, पण ती कुठे असतात हे मुलांना सांगता येईल. मग बरणी अंगणात नेऊन ओल्या पाल्याखाली रिकामी करा. आणि त्याच दिवशी धान्याच्या खोलीत जाऊन पोत्यात कोणी कसली गोळी ठेवली आहे का, तेही घरातल्या मोठ्यांना विचारा.

अल्लाह आपल्या सर्वांना ज्ञान देवो, त्यावर अमल करण्याची तौफीक देवो आणि आपल्या घरांतल्या प्रत्येक श्वासाचे रक्षण करो. आमीन.